सुई वरच ठेवावी

संस्थेच्या तळघरात एक सुई होती, आणि तिने हलू नये अशी अपेक्षा होती.

न हलणं ही संस्थेत काही नवलाई नव्हती. कित्येक जण वर्षानुवर्षं तेच करत आले होते आणि त्यांना वेळच्या वेळी बढत्याही मिळत होत्या. सुईची अडचण एवढीच, की तिला न हलता कामही करायचं होतं. चकचकीत धातूच्या एका पत्र्यावर ती अशी अधांतरी असे, की मधल्या फटीत जेमतेम दोन-चार अणू मावावेत. त्या फटीतून विजेचा अगदी मरतुकडा प्रवाह पलीकडे जाई. सुई केसाच्या कोट्यांशाने जरी वर-खाली झाली, तरी तो प्रवाह बदले, आणि त्या बदलांवरून संगणक पत्र्यावरच्या अणूंचं चित्र काढी. म्हणजे सुई शांत असेल तर अणूंचं चित्र, आणि इमारतीत कुणी दार आपटलं तर दाराचं. अणू स्वतःही चुळबुळे असतात. म्हणून सगळा कारभार द्रवरूप हेलियमच्या पिंपात बुडवून गारठवलेला होता. एवढ्या थंडीत अणू निमूट जागच्या जागी बसतात. माणसांना गारठवण्याची सोय संस्थेत नव्हती.

हे यंत्र जिच्या ताब्यात होतं तिला सगळे हळूबाई म्हणत. दार हळू लावा, खुर्ची हळू ओढा, जिना हळू उतरा, असं सांगता सांगता तिचं खरं नाव मागे पडलं होतं. पगारपत्रकावर ते होतं म्हणतात. तळघरात ती रबरी तळव्यांच्या चपलांत वावरे आणि शिंक आली तर जिना चढून बाहेर जाऊन शिंके. तिचा नवरा दातांचा डॉक्टर होता. "मी दिवसभर लोकांना आ करायला लावतो आणि ही सगळ्यांची तोंडं बंद करत फिरते. असा जोडा शोधून सापडायचा नाही," असं तो पाहुण्यांना सांगे. पाहुणे हसत. तीही हसे, पण बेताने.

त्या वर्षी हळूबाईच्या पत्र्यावर अणूंची एक रांग बसली होती. तशी रांग बसावी म्हणून ती कित्येक वर्षं झटत होती. थंडीत ही रांग पुस्तकात सांगितल्यापेक्षा निराळी वागते असा तिचा अंदाज होता, आणि एक स्वच्छ चित्र मिळालं की अंदाजाचा सिद्धान्त होणार होता. तिच्या प्रकल्पाची मुदतवाढही त्याच चित्रावर लटकली होती. हेलियम पुढच्या सुट्टीआधी संपणार होतं. रात्री इमारतीला कुलूप लागे, त्यामुळे चित्र दिवसाच घ्यावं लागणार होतं. हेलियम संपलं की पत्रा गरम होणार, पत्रा गरम झाला की रांग विस्कटणार, आणि विस्कटलेली रांग पुन्हा तशीच बसेल याची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. म्हणून तिने प्रशासकीय अधिकाऱ्यांना एक विनंतीअर्ज लिहिला. दोन दिवस दुपारी लिफ्ट बंद ठेवावी आणि कँटीनचा ग्राइंडर सकाळीच चालवून घ्यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

खरं तर तिसरंही एक मागणं होतं. तळघराच्या बरोब्बर डोक्यावर संचालकांचं दालन होतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्यांनी तिथे पळायचा पट्टा बसवून घेतला होता. दुपारी जेवण जिरलं की ते पळत, आणि खाली सुई त्यांच्या पावलांशी ताल धरी. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार. हळूबाईने तो मुद्दा गाळला आणि त्याऐवजी कंपनांचा एक आलेख जोडला. त्यात कुठल्या वेगाने काय थरथरतं ते उंच-सखल शिखरांनी दाखवलं होतं.

आलेख जोडला हीच चूक झाली. नुसता अर्ज असता तर तो फायलीत पडून आपोआप शांत झाला असता. आलेख म्हटला की पाहायला माणसं लागतात, आणि माणसं एकत्र आली की समिती होते. दुसऱ्याच दिवशी 'कंपन व अवांतर ध्वनी निवारण समिती' स्थापन झाली आणि तिची पहिली बैठक हळूबाईच्या प्रयोगशाळेत ठरली.

"इथे कशी घेणार साहेब? इथेच तर शांतता हवी आहे," हळूबाई म्हणाली.

"म्हणूनच," प्रशासकीय अधिकारी म्हणाले. हे गृहस्थ बोलताना कधीच आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. "शांततेवरची चर्चा गोंगाटात करायची का? इमारतीतली सगळ्यात शांत जागा हीच आहे, असं तुम्हीच अर्जात लिहिलंय."

तिने तसं लिहिलं होतं खरं. मग जिन्यावरून खुर्च्या उतरल्या. त्यांच्यामागून चहाची गाडी पायरी पायरी आपटत खाली आली आणि तिच्या मागोमाग सगळे विभागप्रमुख.

बैठकीत आलेख भिंतीवर दाखवण्यात आला. प्रत्येक शिखर कुणाचं हे हळूबाईने जमेल तितक्या नरमाईने सांगितलं. हे लिफ्टचं, हे कँटीनचं, हे कार्यशाळेतल्या लेथचं, ते पलीकडचं ग्रंथालयातल्या पंख्यांचं. तिला वाटलं होतं, लोक ओशाळतील. कार्यशाळेचे प्रमुख आपलं उंच शिखर पाहून खुर्चीत सावरून बसले. ग्रंथपाल मात्र हिरमुसले.

"आमचं एवढंसंच का?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडेही काम चालतं. या आलेखावरून आम्ही नुसते बसून असतो असा समज होईल."

"तुमचं शिखर लहान आहे ही चांगली गोष्ट आहे," हळूबाई म्हणाली.

"ज्याचं लहान असतं त्याला सगळे असंच सांगतात," ग्रंथपाल म्हणाले. पुढच्या बैठकीच्या आत ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं सरकवण्याचं काम निघालं आणि त्यांचं शिखर चांगलं खांद्याएवढं झालं.

मग संचालकांनी स्वतः बोट दाखवून विचारलं, "आणि हे दुपारचं, धप धप असं येणारं? हे कुणाचं?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. हळूबाईनेही टेबलाकडेच पाहिलं, हे नमूद करायला हवं. अखेर प्रशासकीय अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "ते भूगर्भीय असावं, सर. नैसर्गिक."

"निसर्गापुढे कुणाचं चालतं?" संचालक उदारपणे म्हणाले. बैठक आटोपून ते वर गेले आणि थोड्याच वेळात निसर्ग सुरू झाला.

त्या चर्चेतून समितीचं धोरण तयार झालं. आवाजांचे चार वर्ग पाडण्यात आले: अत्यावश्यक, सेवाविषयक, परंपरागत आणि नैसर्गिक. लिफ्ट सेवाविषयक ठरली, ग्राइंडर अत्यावश्यक ठरला, कार्यशाळेची लेथ फार जुनी म्हणून परंपरागत. या चारांपैकी कशातही न बसणारा प्रत्येक आवाज तात्काळ बंद करावा असं ठरलं. असा एकच आवाज सापडला. हळूबाईच्या खोलीतला हवा काढणारा पंप घुं घुं करतो अशी नोंद झाली. त्या पंपावर यंत्र चालतं हे समजावून सांगण्यात तिचा अख्खा दिवस गेला.

दरम्यान समितीने कामाला जोर लावला. 'शांतता राखा' अशा पाट्या भिंतीत ड्रिलने भोकं पाडून ठोकण्यात आल्या. बैठकीला येताना एका विभागप्रमुखांचा पाय प्रयोगशाळेच्या जमिनीतल्या फटीत अडकला. ती फट मुद्दाम ठेवलेली होती. यंत्राखालचा चौथरा बाकीच्या इमारतीपासून तोडून वेगळा केलेला होता, जेणेकरून वरची थरथर सुईपर्यंत पोचू नये. समितीच्या भाषेत तिला 'फरशीतील धोकादायक भेग' असं नाव मिळालं आणि हळूबाई वरच्या मजल्यावर अर्जाचं काय झालं ते विचारायला गेली असताना गवंड्याने ती सिमेंटने बुजवून टाकली. कामाचा दर्जा उत्तम होता. संस्थेत तोवर एवढं मजबूत बांधकाम कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळी इमारत सुईशी घट्ट जोडली गेली होती. लिफ्टचं दार लागलं तरी पडद्यावरची अणूंची रांग शिडीवरून कोसळल्यासारखी दिसे.

मग फलक आला. आवाज किती आहे हे सर्वांना कळावं म्हणून हळूबाईच्या यंत्रातूनच आकडा घेऊन तो मोठ्या लाल दिव्यांत दाखवणारा फलक बोळात बसला. तो बसला त्या क्षणापासून तिच्या सिग्नलमध्ये एक जाड, एकसुरी गुणगुण शिरली. तिने वायर हातात धरून माग काढला तेव्हा ती फलकामागे बसलेल्या वायरमनपाशी जाऊन पोचली.

"हे माझ्या अर्थिंगला का जोडलंत?" तिने विचारलं. प्रयोगशाळेसाठी जमिनीत वेगळा खड्डा खणून वेगळी अर्थिंग घेतलेली होती. तिच्यासाठी हळूबाईने एके काळी संस्थेचे उंबरठे झिजवले होते.

"बाकीची फार खराब आहे, मॅडम. हात लावला तर झटका बसतो. तुमची एकदम स्वच्छ."

"स्वच्छ आहे, कारण तिथे दुसरं काही जोडलेलं नाही."

"तेच तर म्हणतोय. जागा रिकामीच पडली होती."

चांगल्या गोष्टीची बातमी लपत नाही. आठवडा संपायच्या आत संगणक कक्ष, कँटीनचा फ्रीज आणि संचालकांच्या दालनातल्या माशांच्या टाकीचा पंप, सगळे तिच्या अर्थिंगवर आले. वाहत्या गंगेत हात धुवायला कुणाला बोलावावं लागत नाही. पुढे शांततेचं आवाहन करण्यासाठी बोळात ध्वनिक्षेपक लागला तोही तिथेच जोडला. त्यातून एक प्रसन्न आवाज ठरावीक वेळाने सांगे, "कृपया शांतता राखावी. आपली शांतता, आपली जबाबदारी." प्रत्येक वेळी सुई दचके आणि फलकावरचा आकडा उडी मारे. तो आकडा पाहून यंत्रणा आवाहन आणखी मोठ्याने करी.

हळूबाई प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. ती फारशी चिडत नसे. त्या दिवशी मात्र तिचे कान लाल झाले होते.

"साहेब, समिती नव्हती तेव्हा आवाज कमी होता. समिती झाली आणि तो दसपट झाला."

"सापडला," अधिकाऱ्यांनी दुरुस्ती केली. "आधी तो सापडत नव्हता. आता दसपट सापडतोय. हे समितीचं यश आहे, मॅडम, तुम्ही त्याच्याकडे तक्रार म्हणून बघताय."

"हेलियम संपत आलंय. मला फक्त एक शांत दुपार द्या. एकच. लिफ्टसुद्धा चालू राहू दे, मी तिच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये चित्र घेईन. फलक आणि भोंगा तेवढा काढा, आणि ती फट पुन्हा पाडू द्या."

"शांततेसाठी केलेल्या उपाययोजना शांततेसाठीच काढायच्या?" ते कळवळून म्हणाले. "वरून पाहणी पथक येतंय. त्यांना काय दाखवू? रिकामी भिंत?"

पथक येणार म्हणून तळघरात एवढी ये-जा वाढली, की हळूबाईला दुसरीच धास्ती पडली. एवढ्या धक्क्यांत सुई पत्र्यावर आदळली तर टोक मोडणार आणि रांगही चिरडणार. म्हणून तिने काळजावर दगड ठेवून सुई चांगली वर उचलून घेतली. सुई पत्र्यापासून दूर गेली, मधला प्रवाह थांबला आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली. बोळातल्या फलकावर मोठं लाल शून्य उमटलं.

पाहणी पथक नेमकं त्याच वेळी जिना उतरत होतं. त्यांच्या बुटांचे आवाज घुमत होते, भोंगा शांततेचं आवाहन करत होता, वर निसर्ग पळत होता आणि फलकावर शून्य होतं. पथकप्रमुख फलकासमोर थांबले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. शून्य जागचं हललं नाही.

पथक चहाला गेल्यावर प्रशासकीय अधिकारी धावत आत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कसं जमवलंत?"

"काहीच जमवलं नाही. मी सुई उचलली आहे. ती आता काहीच मोजत नाहीये."

"म्हणजे सुई खाली आणली की आवाज येतो?"

"हो."

"आणि वर ठेवली की येत नाही?"

"हो, पण..."

"मग खाली आणताच कशाला?"

हळूबाईने समजावून सांगायला पडद्याकडे हात केला. तेवढ्यात ते गेलेही होते.

संध्याकाळी आदेश निघाला. दीर्घ अभ्यासाअंती आवाजाचा उगम मोजणीतच असल्याचं निष्पन्न झालं होतं. सबब पुढील आदेश होईपर्यंत सुई वरच ठेवावी. प्रयोगशाळेला 'आदर्श शून्य-ध्वनी कक्ष' असा दर्जा देण्यात आला आणि पावलांचा त्रास नको म्हणून आत जायला सगळ्यांना मनाई झाली. तिच्या मुदतवाढीचं उत्तरही त्याच पाकिटात होतं. आवाज शून्यावर आल्यामुळे प्रकल्पाचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं आहे, तरी मुदत वाढवण्याचं प्रयोजन उरत नाही, अशी त्यातली भाषा होती. खाली अभिनंदन केलेलं होतं.

पुढचे दिवस हळूबाई बोळात उभी राहून दाराच्या काचेतून आत पाही. पिंपावरच्या मापकाचा काटा रोज थोडा खाली येई. आत कुठे तरी ती रांग अजून जशीच्या तशी बसलेली होती आणि तिच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. काटा तळाला टेकला त्या सकाळी तिला रडू कोसळलं. सुई वर होती, त्यामुळे फलकावर काही उमटणार नव्हतं. तरीही सवयीने तिने हुंदका गिळला, चपला हातात घेतल्या आणि जिना चढून ती घरी निघून आली.

घरी नवरा जेवायला आलेला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं ते कळलं आणि त्याने निमूटपणे आपलं ताट स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेलं. वरिष्ठांकडे दाद मागणारं एक सणसणीत पत्र लिहायचं तिने ठरवलं होतं. जेवणाच्या टेबलावर उजेड नीट येत नव्हता. तिने ते जड लाकडी टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि फरशीवरून फरफटत खिडकीकडे ओढायला घेतलं. एवढ्या दिवसांचा राग हातात उतरला होता. टेबल किंचाळत सरकलं, मग खुर्च्या सरकल्या, मग कपाट आड आलं म्हणून कपाट.

दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरची नर्स उभी होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"ताई, रागावू नका हं. रात्रपाळी करून आले आहे. आता कुठे डोळा लागला होता. ते काय ओढताय ते जरा उचलून ठेवता येईल का?"

"अहो, टेबल आहे ते. भारी आहे," हळूबाई म्हणाली. "आणि काम गरजेचं आहे, म्हणूनच ओढतेय ना?"

"हो, ते झालंच. पण हे रोजचंच आहे, म्हणून सांगते. सकाळी मी येते आणि तुमचा मिक्सर लागतो..."

"तो काय आम्ही हौसेने लावतो? स्वयंपाक नको का करायला?"

"आणि डॉक्टरसाहेब व्यायाम करताना ते वजन खाली टाकतात."

"तब्येतीसाठी आहे ते. इतकी वर्षं करताहेत."

नर्स उंबऱ्यातच घुटमळली. "मला झोप पुरत नाही हो. काल इंजेक्शन देताना हात थरथरला. पेशंट घाबरला, मीही घाबरले. मला फक्त दुपार शांत मिळाली तरी चालेल."

हळूबाईने तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. तिची अडचण खरी होती यात शंकाच नव्हती.

"तुम्ही असं करा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "सोसायटीकडे लेखी द्या."

दार लावून ती टेबलाकडे वळली. ओट्यापाशी नवऱ्याचा घास हातातच राहिला होता.

"अगं, तू आत्ता तिला जे म्हणालीस..."

"मध्ये बोलू नकोस. मला शांतपणे लिहायचंय," ती म्हणाली आणि तिने टेबल उरलेलं अंतर ओढत खिडकीपर्यंत नेलं.

वाचकहो, इथवर येताना तुम्हाला तुमच्या वरच्या मजल्यावरची माणसं आठवली असतील आणि थोडं हसूही आलं असेल. हसा, पण हसता हसता खुर्ची मागे सरकवू नका. तुमच्या खालच्या मजल्यावरही कुणीतरी हीच गोष्ट वाचत बसलंय, आणि त्याला तुम्ही आठवताय.